कोसॅकचा वेश : चित्रकार, कादंबरीकार आणि कथलाचा स्वार

परमुलखी नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांत दिवाळीचा किल्ला हा केवळ मुलांचा खेळ राहत नाही. दिल्लीतील आमच्या सरकारी वसाहतीत तो दरवर्षी उभा राहतो, आणि त्यावरील मातीचे मावळे रंगविण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. या कामातूनच आम्हांस ऐतिहासिक लघुमूर्ती रंगविण्याचा नाद लागला. कथलाच्या मिश्रधातूचे, वीतभरही उंच नसलेले हे सैनिक परदेशांत अनेक प्रौढ माणसे गंभीरपणे रंगवितात, त्यांच्या गुंड्या मोजतात आणि त्यांवरून कडाक्याचे वादही घालतात. सुटीच्या दिवशी दुसरे करण्यासारखे फारसे नसलेल्या कारकुनास हा नाद मानवण्यासारखा आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या हाती ५४ मिलिमीटर मापाचा एक घोडेस्वार आला. त्याच्या डबीवर 'कोसॅक' एवढा एकच शब्द होता. आम्ही चार चित्रे जमविली आणि त्यांच्या आधारे तो रंगविला. छातीवर काडतुसांच्या नळ्यांची रांग असलेला लांब झगा, निळी विजार, तिच्या दोन्ही अंगांस रुंद लाल पट्टे, डोक्यावर केसाळ टोपी, आणि बुटांच्या टाचांना रुपेरी आरा. कचेरीतील मित्रांनी वाहवा केली. रशियन भाषा जाणणाऱ्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मात्र तो तळहातावर घेऊन शांतपणे विचारले, "हा कोणत्या दलाचा?" आम्हांस उत्तर देता येईना. तेव्हा ते म्हणाले, "झगा कुबानचा दिसतो, विजार डॉनची आहे, आणि या आरा तर कोणत्याच कोसॅकच्या नव्हेत."

प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून निघाला आहे. आमची चूक आळसाची नव्हती. ज्या कलाकृतींवर विसंबून आम्ही रंग भरले, त्या मोठ्या कलावंतांच्या होत्या. मग कलाकृतीवर किती विसंबावे, आणि कशासाठी? ऐतिहासिक चित्र किंवा कादंबरी आपणांस 'खरी' वाटते, तेव्हा तिच्यातील नेमके काय खरे असते? हा प्रश्न लघुमूर्तीच्या निमित्ताने उद्भवला असला, तरी तो टीकेचा प्रश्न आहे आणि त्याच नात्याने तो येथे मांडावयाचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. कोसॅक हे एका फौजेचे नाव नव्हे. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले त्या वेळी रशियन साम्राज्यात कोसॅकांची अकरा दले होती. डॉन, कुबान, तेरेक, आस्त्राखान, उराल, ओरेनबुर्ग, सायबेरिया, सेमिरेच्ये, बैकालपार, अमूर आणि उसुरी अशी त्यांची नावे. त्यांची भूमी काळ्या समुद्रापासून थेट पॅसिफिक महासागरापर्यंत पसरलेली होती. विजारीवरचा पट्टा हे त्यांपैकी बहुतेकांचे चिन्ह असले, तरी त्याचा रंग दलागणिक बदले. डॉनचा पट्टा लाल, ओरेनबुर्गचा फिकट निळा, उरालचा किरमिजी, आस्त्राखान व बैकालपारचा पिवळा. कॉकेशस पर्वताच्या पायथ्याच्या कुबान व तेरेक या दोन दलांचा थाट अगदी निराळा होता. त्यांचा लांब झगा म्हणजे चेर्केस्का, तिच्या छातीवरील नळ्या म्हणजे गझीर. विजारीवर डॉनसारखा पट्टा नाही, हाती भाला नाही. पुढे कुबानची खूण लाल झाली व तेरेकची फिकट निळी.

शिंदेशाही पगडी आणि पुणेरी पगडी यांतील भेद ग्वाल्हेरच्या किंवा पुण्याच्या वाचकास समजावून द्यावा लागत नाही. इकडच्या हौशी रंगमंचावर कोणत्याही काळाचा कोणताही मराठा एकाच पगडीत उभा केलेला पाहून आपण मनातल्या मनात हळहळतो. तोच अपराध आम्ही दुसऱ्यांच्या बाबतीत करून बसलो होतो.

आता साधनांकडे वळू. या विषयाचा सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे विस्कोवातोव यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेले रशियन सैन्याच्या पोशाखाचे व शस्त्रांचे वर्णन. १८४१ ते १८६२ या काळात त्याचे तीस भाग सेंट पीटर्सबर्गहून निघाले. त्यांतील चित्रपट्टांवर प्रत्येक दलाचा, प्रत्येक काळाचा सैनिक गुंडी-गुंडीनिशी उभा आहे. पण या चित्रांकडे फार वेळ पाहिले की सरकारी कचेरीत बसणाऱ्यास एक ओळखीची भावना होते. ही चित्रे परिपत्रकांसारखी आहेत. काय असावे याचा हुकूम त्यांत आहे. हुकूम कसा पाळला गेला हे त्यांत नाही. त्यांतील प्रत्येक कोसॅकच्या अंगावरील कापड जणू आजच शिंप्याकडून आले आहे.

कोसॅकच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. घोडा, पोशाख, खोगीर, तलवार हे सारे कोसॅकला स्वतःच्या खर्चाने घेऊन चाकरीवर हजर व्हावे लागे. बंदूक तेवढी सरकारी कोठारातून येई. जमिनीच्या वहिवाटीचा हा मोबदला होता. म्हणजे एकाच पलटणीत सुखवस्तू शेतकऱ्याच्या मुलाची चेर्केस्का आणि गरिबाच्या मुलाची चेर्केस्का एकसारखी असणे शक्य नव्हते. कोणी वडिलांची तलवार बांधून येई, कोणी कर्ज काढून घोडा घेई. चित्रपट्टावर हे कर्ज दिसत नाही.

शोलोखोव यांच्या कादंबरीत ते दिसते. 'अँड क्वाएट फ्लोज द डॉन' या नावाने इंग्रजीतून परिचित असलेली त्यांची ही महाकादंबरी मूळ रशियनमध्ये १९२८ ते १९४० या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. तिचा नायक ग्रिगोरी मेलेखोव चाकरीवर हजर होतो, तेव्हा त्याचे सामान तपासण्याचा एक प्रसंग आहे. कापडावर मांडलेले घोड्याच्या नालाचे खिळे अधिकारी मोजतो. चोवीस हवेत, तेवीसच दिसतात. अधिकारी संतापतो. मग कापडाचा दुमडलेला कोपरा उलगडतात, तेव्हा चोविसावा खिळा त्याखाली सापडतो. एवढाच प्रसंग. पण कोसॅकचे सामान म्हणजे काय, त्याच्यावर कोणाची सत्ता चाले, आणि एका खिळ्यापायी घरच्यांची वर्षाची तयारी कशी टांगणीला लागे, हे त्यातून जितके कळते तितके तीस भागांतील चित्रपट्टांतून कळत नाही. लघुमूर्तीवर नालाचा खिळा दिसणार नाही हे खरे. पण तो ज्याने मोजून दिला आहे, त्याचा चेहरा कसा रंगवावयाचा हे मात्र ठरते.

चित्रकारांत पहिला मान अर्थातच रेपिन यांचा. तुर्की सुलतानाला उर्मट उत्तर लिहिताना पोट धरधरून हसणाऱ्या झापोरोझियन कोसॅकांचे त्यांचे चित्र कोणी पाहिले नाही? १८८० ते १८९१ अशी अकरा वर्षे त्यावर गेली. झार तिसरा अलेक्झांडर याने ते पस्तीस हजार रूबलांना विकत घेतले. आज ते सेंट पीटर्सबर्गच्या रशियन संग्रहालयात आहे, आणि त्याची दुसरी आवृत्ती खार्किवच्या कलासंग्रहालयाची आहे. रेपिन यांनी संशोधनात कसूर केली नाही. इतिहासकार यावोर्नित्स्की यांचा सल्ला त्यांनी घेतला. चित्रातील लेखनिक म्हणून तेच बसले आहेत. खासगी संग्रहांतील जुन्या तलवारी, बारुददाण्या, वाद्ये यांची त्यांनी रेखाटने केली. झापोरोझियनांची वसाहत महाराणी कॅथरीनने १७७५ साली मोडली होती. त्यांच्या वंशजांपैकी अनेक १७९२ नंतर कुबान नदीकाठी नेऊन वसविण्यात आले होते. म्हणून चेहरे शोधण्यासाठी रेपिन १८८८ साली कुबानलाही जाऊन आले.

इतके करूनही चित्रातील वेश १६७६ सालचा म्हणता येत नाही. एक तर ज्या पत्रावर चित्र उभे आहे, ते पत्र प्रत्यक्ष धाडले गेले असे बहुतेक इतिहासकार मानीत नाहीत. ते एक वाङ्मयीन विनोद म्हणून हस्तलिखितांतून फिरत राहिले असे त्यांचे मत आहे. दुसरे असे की संग्राहकाच्या कपाटात जमलेल्या वस्तू एका काळाच्या असतीलच असे नाही. चित्रकाराने त्या एका मेजाभोवती आणल्या, आणि त्यांना एकत्र बांधणारे सूत्र म्हणून त्याच्यापाशी हास्य होते. या चित्राचे खरेपण त्या हास्यात आहे. राजाज्ञेला न भिणारी माणसे एकमेकांच्या खांद्यावर रेलून कशी हसतात, हे रेपिन यांना पक्के ठाऊक होते. त्या माणसांची नक्कल करून मूर्ती रंगविणाऱ्याने तळपट्टीवर १६७६ न लिहिता रेपिन यांचे नाव लिहावे. तसे लिहिण्यात चित्राचा काही अपमान नाही.

सुरिकोव यांच्या 'येर्माककृत सायबेरियाविजय' या १८९५ च्या चित्राची गोष्टही याच वळणाची आहे. ते स्वतः सायबेरियातील क्रास्नोयार्स्कच्या कोसॅक घराण्यातले. १८९३ साली डॉनकाठी जाऊन त्यांनी जिवंत माणसांवरून येर्माकचे साथीदार रेखाटले. सोळाव्या शतकातील माणसांना एकोणिसाव्या शतकातील चेहरे मिळाले. कोणास हा दोष वाटेल. आम्हांस वाटत नाही, कारण घराण्याचा चेहरा कापडाहून अधिक टिकतो असे धरून ते चालले आणि तसे त्यांनी लपविलेही नाही.

याच्या उलट टोकाला ओपित्झ आहे. रशियन फौजा ३१ मार्च १८१४ रोजी पॅरिसमध्ये शिरल्या. कोसॅकांनी शाँझेलिझेवर तळ टाकला, आणि हा जर्मन चित्रकार तेथे हजर होता. त्याने कोसॅकांना दुकानांपुढे, बागेत, स्त्रियांच्या घोळक्यात पाहिले तसे रंगविले. वेशाच्या दृष्टीने प्रत्यक्षदर्शी साक्षीदार यापरता कोण? पण त्याची नजर तमाशा पाहावयास आलेल्या शहरवासीयाची आहे. त्याचा कोसॅक नेहमी काहीतरी विचित्र करीत असतो, आणि पॅरिसकर त्याच्याकडे पाहत असतात. डोळ्यांनी पाहिलेले सारे खरे आणि मनाने ओळखलेले थोडेच, असा हा प्रकार आहे.

येथवर आल्यावर आम्ही टॉल्स्टॉयकडे गेलो. टॉल्स्टॉय मार्गावरून आम्ही रोज कचेरीत जातो, पण त्यांची 'कोसॅक' ही कादंबरी मात्र आम्हांस जुन्या पुस्तकांच्या रविवारच्या बाजारात, कव्हर उडालेल्या इंग्रजी प्रतीत भेटली. टॉल्स्टॉय १८५१ साली कॉकेशसमध्ये गेले, तेरेककाठच्या कोसॅक गावात राहिले, आणि १८६३ साली ही कादंबरी प्रसिद्ध झाली. मॉस्कोहून आलेला तरुण ओलेनिन, गावातील शूर लुकाश्का, म्हातारा शिकारी येरोश्का आणि मर्यान्का यांची ही कथा. प्रेमकथा म्हणून ती सर्वांना ठाऊक आहे. आम्ही ती वेशाचा ग्रंथ म्हणून वाचली, आणि तिने आमचा सारा प्रश्न उलटा करून ठेवला.

लुकाश्काची चेर्केस्का फाटकी आहे, टोपी चेचेन पद्धतीने मागे कललेली आहे. टॉल्स्टॉय सांगतात की अस्सल वीराच्या अंगावर सारे ढगळ, विटके, निष्काळजीपणाचे असते. श्रीमंती असते ती फक्त शस्त्रांत. परंतु हा निष्काळजीपणा अंगावर चढविण्याची एक विशिष्ट रीत आहे, ती सर्वांना साधत नाही, आणि जाणत्याच्या नजरेस ती तत्क्षणी दिसते. पुढे ओलेनिनही तोच वेश करतो. चेर्केस्का, खंजीर, टोपी, सारे आणतो. वस्तूंत उणे काही नाही, तरी कोणीही त्याला पाहताच परका म्हणून ओळखावा असे त्याचे ध्यान दिसते.

आमच्या पहिल्या मूर्तीत वस्तूच चुकल्या होत्या. पण वस्तू बरोबर आणल्या असत्या, तरी आम्ही फार तर ओलेनिन केला असता. संशोधनाने ओलेनिनपर्यंत पोचता येते. तेथून लुकाश्कापर्यंतची वाट ग्रंथाची नसून वापराची आहे. म्हणून आम्ही प्रत्येक वस्तू कशी वापरली जाई, हे पाहू लागलो आणि बरेच उलगडले. कोसॅक आरा लावीत नाही, कारण तो घोडा चाबकाने हाकतो. या आखूड चाबकाचे नाव नगाइका. त्याच्या शाश्का नावाच्या तलवारीला हाताच्या रक्षणासाठी परज नसते, आणि ती म्यानात धार वरच्या अंगास ठेवून लटकविलेली असते, म्हणजे उपसताक्षणी वार करता येतो. आमच्या मूर्तीवर आम्ही पात्याची वाक उलटी समजून म्यानाची छाया चुकीच्या बाजूस भरली होती. त्याच्या खोगिरावर उशी असते, म्हणून तो घोड्याच्या पाठीपासून बराच उंच बसलेला दिसतो. युरोपीय रिसाल्याचा दुहेरी लगाम त्याच्या घोड्याला नसतो. छातीवरील गझीर हे आरंभी एकेका बाराची दारू मोजून ठेवण्याच्या नळ्या होत्या. धातूची काडतुसे आल्यावर त्यांचे काम संपले, पण त्या छातीवर तशाच राहिल्या.

गोगोल यांनीही ही गोष्ट आपल्या अतिशयोक्त रीतीने ओळखली होती. १८३५ साली प्रथम व १८४२ साली वाढवून प्रसिद्ध झालेल्या 'तारास बुल्बा'मध्ये भर रस्त्यात झोपलेल्या एका कोसॅकची महागड्या लाल कापडाची विजार डांबराने माखलेली आहे, आणि ती मुद्दाम, कापडाची पर्वा नाही हे दाखविण्यासाठी. या कथेत काळाचा गोंधळ आहे. तीन शतके तिच्यात एकमेकांत मिसळली आहेत. सनावळीच्या कामी तिचा उपयोग नाही. पण डांबराचा तो डाग कोणत्याही चित्रपट्टावर मिळणार नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख रंगविणाऱ्यांच्या उपयोगाचा झाला असता. पण चेर्केस्का हा शब्दच आम्हांस पुढे घेऊन गेला. चेर्केस म्हणजे कॉकेशसमधील पहाडी लोक. हा वेश मूळचा त्यांचा. कोसॅकांनी तो आपल्या शत्रूकडून घेतला. तलवार घेतली, टोपी घालण्याची ढब घेतली, घोड्यावर बसण्याची रीतही घेतली. टॉल्स्टॉय लिहितात की आपल्या भावाला मारणाऱ्या पहाडी वीराचा कोसॅकला जितका तिटकारा नसतो, तितका तो आपल्या घरात उतरविलेल्या रशियन शिपायाचा करतो. वैर आणि अनुकरण अशी एकाच अंगरख्यात नांदत होती. पुढे एकोणिसाव्या शतकातच हा वेश सरकारी गणवेश ठरला. आणि १८६४ साली कॉकेशसचे युद्ध संपले, तेव्हा चेर्केस लोकांना फार मोठ्या संख्येने आपली भूमी सोडून तुर्की साम्राज्यात जावे लागले. वाटेत आणि किनाऱ्यावर असंख्य माणसे मेली. त्यांच्या मोकळ्या झालेल्या भूमीवर कोसॅकांची गावे वसली. वेशाचे धनी गेले, आणि वेश त्यांच्या जागी आलेल्यांच्या अंगावर उरला.

नगाइकाचीही गोष्ट अशीच. १९०५ च्या क्रांतीत शहरांतील निःशस्त्र जमावावर जो चाबूक चालला तो हाच. आणि ज्यांच्या हाती तो होता, त्यांच्यावरही पाळी आली. १९१९ च्या जानेवारीत बोल्शेविक पक्षाच्या मध्यवर्ती समितीकडून कोसॅकांविरुद्ध सामूहिक दहशतीचा आदेश निघाला. त्यानंतर डॉनच्या वरच्या खोऱ्यात झालेला उठाव शोलोखोव यांनी चितारला आहे. चिमुकल्या मूर्तीच्या मनगटाला लटकणारा तो चाबूक आम्ही केवळ शोभेची दोरी समजून तपकिरी रंगविला होता.

तेव्हा कलाकृतीवर कशासाठी विसंबावे, या प्रश्नाचे आमच्यापुरते उत्तर असे. चित्रपट्टाकडून हुकूम घ्यावा, चित्रकाराकडून चेहरा घ्यावा, प्रत्यक्षदर्शीकडून रस्ता घ्यावा. पण वस्तू आणि माणूस यांचे नाते काय होते, हे कादंबरीकाराखेरीज कोणी सांगत नाही. टॉल्स्टॉय गुंड्यांची संख्या देत नाहीत, आणि तो त्यांचा दोषही नव्हे. ते स्वतः त्या गावात ओलेनिनसारखेच परके होते. आपण परके आहोत याची जाणीव त्यांना होती, आणि आमच्या मते त्यांच्या वर्णनाचे खरेपण याच जाणिवेतून आले आहे. रेपिन यांच्या भव्य चित्रात या जाणिवेला जागा नाही. तेथे चित्रकार मेजाभोवती बसून त्यांच्याबरोबर हसत आहे. दोन्ही गोष्टी मोठ्या आहेत. पण परमुलखाची मूर्ती घडविणाऱ्याने टॉल्स्टॉयच्या बाजूने जावे असे आम्हांस वाटते.

आम्ही तो स्वार पुन्हा रंगविला. लाल पट्टे खरवडले, आरा कानशीने घासून काढल्या, चेर्केस्का उन्हाने विटलेल्या करड्या रंगाची केली, रुपेरी रंग फक्त खंजिराच्या मुठीला ठेवला. तळपट्टीवर आधी 'तेरेक दल, १८५२' असे लिहिले होते. मग ध्यानात आले की तेरेक दल हे नाव १८६० सालचे. तेव्हा ते पुसून 'ग्रेबेन कोसॅक, कॉकेशस सीमारेषा दल, १८५२' असे लिहिले. वडीलधाऱ्या गृहस्थांस तो पुन्हा दाखविला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "आता चूक काढता येणार नाही." हे प्रशस्तिपत्र ओलेनिनचे आहे, हे आम्हांस समजले.

दिवाळी जवळ आली, तेव्हा आम्ही किल्ल्यावरचे मावळे पेटीतून काढले. सारे एकाच साच्यातले, सर्वांच्या डोक्याला एकच रंग, कमरेला एकच तलवार. हे कोणत्या मुलखाचे, कोणत्या सालचे, त्यांची तलवार कोणी घेऊन दिली, हे इतकी वर्षे रंग देताना आम्ही स्वतःला एकदाही विचारले नव्हते. या विषयाची माहिती असलेल्या वाचकांनी आम्हांस मासिकाच्या पत्त्यावर लिहावे. किल्ला यंदाही उभा राहील, पण मावळ्यांना रंग देण्याचे काम आम्ही तूर्त थांबविले आहे.